लुई आणि अली यांच्या सावलीतले जगज्जेते

प्रश्न असा आहे की, मुष्टियुद्धाच्या हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड, गटातील जुन्या जगज्जेत्यांपैकी कोणाच्या वाट्याला त्याच्या योग्यतेपेक्षा कमी मान आला, तो का कमी आला, आणि अशांना मी कोणत्या क्रमाने ठेवीन. प्रश्नकर्त्याने जॅक जॉन्सन आणि सॉनी लिस्टन ही दोन नावे स्वतःच सुचवली आहेत. मला ती पटत नाहीत. हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता असलेल्या जॉन्सनचा हयातीत अतोनात छळ झाला हे खरे, पण या खेळाच्या इतिहासातले त्याचे स्थान आज कोणी जाणकार नाकारत नाही. लिस्टनविषयी तर आता इतक्या कौतुकाने बोलले जाते की त्याला उपेक्षित म्हणणे अवघडच आहे. कित्येक वर्षे रिंगच्या कोपऱ्यात उभे राहून मुलांना लढवल्यानंतर माझे उत्तर एझर्ड चार्ल्स आणि लॅरी होम्स असे आहे, आणि त्यांच्या जोडीला जर्सी ज्यो वॉलकॉटचे नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही.

या उपेक्षेमागचे कारण तांत्रिक नाही. हेवीवेटचा विजेता हा अमेरिकेत केवळ खेळाडू नसे, तो त्या त्या काळाच्या गळ्यातला ताईत असे. असा ताईत एकदा तुटला की त्याच्या जागी जो येतो त्याच्याकडे लोक विजेता म्हणून पाहत नाहीत, तर आपला माणूस हिरावून घेणारा म्हणून पाहतात. जॅक डेम्प्सीनंतर जीन टनी आला, ज्यो लुईनंतर चार्ल्स आला आणि मुहम्मद अलीनंतर होम्स आला. तिघेही बुद्धीने लढणारे, तिघांचाही बचाव पक्का, तिघांनीही आपल्या आधीच्या लाडक्या विजेत्याला निर्विवाद हरवले, आणि तिघांनाही त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी एक प्रकारची नाराजीच सोसावी लागली. रंगलेल्या मैफलीत उस्ताद उठून गेल्यावर बैठकीवर बसणाऱ्या गवयाची जी गत होते, तीच यांची झाली. पुढचा माणूस सुरेल गातो की नाही हे ऐकायला श्रोते जागेवर थांबलेलेच नसतात.

टनीविषयी फार लिहीत नाही, कारण त्याची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत. १९२६ मध्ये फिलाडेल्फियात आणि १९२७ मध्ये शिकागोत त्याने डेम्प्सीला दोनदा गुणांवर हरवले. शिकागोच्या लढतीत सातव्या फेरीत तो खाली पडला, डेम्प्सी नियमाप्रमाणे तटस्थ (दोघांपैकी कोणाचाही नसलेल्या) कोपऱ्यात जायला रेंगाळला, म्हणून पंचांनी मोजणी उशिरा सुरू केली, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते तेवढेच. पुढच्याच फेरीत टनीने डेम्प्सीला खाली पाडले होते, हे फार थोड्यांना आठवते. साऱ्या कारकिर्दीत त्याचा एकच पराभव झाला, तो १९२२ साली हॅरी ग्रेबकडून, आणि त्याच ग्रेबला त्याने पुढे हरवले. १९२८ मध्ये विजेतेपद हाती असतानाच तो निवृत्त झाला. त्याच्या वाट्याला प्रेम आले नाही, पण आदर बऱ्यापैकी आला.

चार्ल्सचे तसे झाले नाही. त्याचा जन्म १९२१ चा, जॉर्जियातील लॉरेन्सव्हिलचा, पण तो वाढला सिनसिनाटीत. आज त्याचे नाव घेतले की बहुतेकांना, कधीच न हरलेला जगज्जेता रॉकी मार्सियानो याच्याकडून १९५४ साली हरलेला, तिशी ओलांडलेला माणूस आठवतो, कारण चित्रफिती पाहायला मिळतात त्या मुख्यतः त्याच लढतींच्या. त्याची खरी कमाई त्याच्या आधीची आहे, आणि ती हेवीवेट गटातलीच नव्हे. १९४२ साली, वयाची २१ वर्षे पूर्ण होण्याआधी, त्याने चार्ली बर्लीला एकाच उन्हाळ्यात दोनदा हरवले. बर्ली हा त्या काळातल्या अशा कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यांपैकी होता, ज्यांच्याशी लढायला विजेते टाळाटाळ करत आणि म्हणून ज्यांना विजेतेपदाची संधी कधीच मिळाली नाही. पुढच्या वर्षी लॉइड मार्शलने चार्ल्सला पुनःपुन्हा खाली पाडून हरवले, जिमी बिव्हिन्सनेही त्याच्यावर मात केली. सैन्यातली सेवा संपवून परत आल्यावर चार्ल्सने या दोघांनाही गाठून हरवले. हरवणाऱ्याला पुन्हा शोधत जाणे आणि दुसऱ्या भेटीत त्याचे उत्तर तयार ठेवणे, ही माझ्या दृष्टीने मुष्टियोद्ध्याची सगळ्यात खरी परीक्षा आहे. अपराजित राहण्याचे कौतुक मला त्या मानाने कमी वाटते, कारण अपराजित राहण्यात प्रतिस्पर्धी निवडणाऱ्याचाही हात असतो.

त्यानंतर येतो आर्ची मूर. १९४६, १९४७ आणि १९४८ अशा लागोपाठच्या तीन वर्षांत चार्ल्सने मूरला तीनदा हरवले, आणि तिसऱ्यांदा तर आठव्या फेरीत नॉकआउट केले. हा मूर पुढे १९५२ च्या अखेरीस लाइट हेवीवेटचा, म्हणजे तेव्हाच्या हेवीवेटच्या लगेच खालच्या गटाचा, जगज्जेता झाला, जवळजवळ दशकभर त्या गटावर त्याचेच वर्चस्व राहिले, आणि १९५५ मध्ये त्याने मार्सियानोलाही खाली पाडले होते. अशा माणसाला तीनही वेळा हरवणाऱ्याला मात्र लाइट हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी लढण्याची संधी एकदाही मिळाली नाही. ज्या गटात तो बहुधा सर्वकाळचा श्रेष्ठ होता त्या गटाचा पट्टा त्याच्या कमरेला कधी बांधलाच गेला नाही. म्हणून तो वरच्या गटात गेला, आणि वरच्या गटातल्या कामगिरीवरूनच आपण त्याची किंमत करतो.

मधे एक दुर्घटना घडली. फेब्रुवारी १९४८ मध्ये शिकागोत चार्ल्सकडून नॉकआउट झालेला सॅम बरूडी हा तरुण मुष्टियोद्धा दुसऱ्या दिवशी मरण पावला. चार्ल्सने खेळ सोडण्याचा विचार केला होता. त्यानंतर तो प्रतिस्पर्धी डळमळल्यावर पूर्वीसारखा तुटून पडत नसे, असे त्याच्याविषयी बरेचदा लिहिले जाते. मी यावर ठाम विधान करणार नाही. हेवीवेट गटात तो स्वतः हलका होता, समोरचा पुष्कळ जड असे, आणि अशा वेळी अंगावर धावून न जाणे हे शहाणपणही असू शकते. पण कोपऱ्यात काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक असते की रिंगमध्ये एखाद्याला गंभीर इजा झाल्यावर ती करणारा मुलगा महिनोन् महिने सरावातसुद्धा हात राखून मारतो.

लुई १९४९ च्या मार्चमध्ये निवृत्त झाला आणि त्या जूनमध्ये चार्ल्सने शिकागोत वॉलकॉटला १५ फेऱ्यांत हरवून रिकामे झालेले विजेतेपद मिळवले. न्यू यॉर्कच्या मुष्टियुद्ध मंडळाने मात्र त्याला तेव्हा मान्यता दिली नाही. थकलेल्या करापायी लुईला परत यावे लागले आणि २७ सप्टेंबर १९५० रोजी यँकी स्टेडियममध्ये दोघे समोरासमोर आले. लुईचे वजन सुमारे ९९ किलो, चार्ल्सचे सुमारे ८४. पंधरा किलोंच्या या फरकाकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण आजच्या नियमांनुसार चार्ल्स हेवीवेट गटात बसलाच नसता, तो त्याखालच्या क्रूझरवेट गटात गेला असता. पंधरा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांनी चार्ल्सला विजयी ठरवले. लढतीत चार्ल्स सरळ रेषेत मागे जात नाही, दर वेळी थोडा बाजूला सरकून कोन बदलतो, आणि लुईचा उजवा हात सुटण्याच्या आधीच डाव्या हाताने त्याची लय मोडतो. दुसऱ्या दिवशी लोकांनी हळहळ केली ती लुईची. तो ३६ वर्षांचा होता, त्याचे दिवस सरले होते, हे सगळे खरेच आहे. पण मार्सियानोने त्याच लुईला त्यानंतर वर्षभराने हरवले, तेव्हा मात्र तो विजय मार्सियानोच्या लौकिकात जमा झाला. एकाच्या खात्यात जमा आणि दुसऱ्याच्या खात्यात नाही, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

जुलै १९५१ मध्ये पिट्सबर्गला सातव्या फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) चार्ल्सचे विजेतेपद गेले. तोपर्यंत त्याने ते आठ वेळा राखले होते. मग १९५४ च्या जूनमध्ये तो मार्सियानोसमोर उभा राहिला आणि पूर्ण १५ फेऱ्या लढला. मार्सियानोसमोर १५ फेऱ्या टिकलेला तो एकमेव माणूस. पहिल्या फेऱ्यांत त्याने मार्सियानोच्या डोळ्यावर खोल जखम केली होती. तीन महिन्यांनी दुसऱ्या लढतीत मार्सियानोचे नाक असे फाटले की लढत थांबवली जाणार असे वाटू लागले, आणि म्हणूनच मार्सियानोने घाई करून आठव्या फेरीत चार्ल्सला संपवले. त्या दोन लढतींनंतर चार्ल्सने थांबायला हवे होते. पैशांच्या गरजेपोटी तो १९५९ पर्यंत लढत राहिला आणि त्याच्या २५ पराभवांपैकी मोठा भाग त्या उतरत्या वर्षांतला आहे. पुढे त्याला मज्जातंतूंच्या असाध्य विकाराने गाठले आणि १९७५ मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी तो गेला. पराभवांचा आकडा पाहून त्याला दुय्यम ठरवणाऱ्यांनी ते पराभव कोणत्या वर्षांत झाले एवढे तरी पाहावे.

वॉलकॉटची गोष्ट थोडी वेगळी आहे, त्याला तर विजेता व्हायलाच ३७ वर्षांचे व्हावे लागले. त्याचे मूळ नाव अर्नोल्ड क्रीम. डिसेंबर १९४७ मध्ये न्यू यॉर्कला त्याने लुईला पहिल्या आणि चौथ्या फेरीत खाली पाडले, रिंगमधल्या पंचाने त्यालाच विजयी ठरवले, पण बाहेरच्या दोघांनी लुईला कौल दिला. प्रेक्षकांनी लुई लाडका असूनही या निकालाची हुर्यो उडवली होती. वॉलकॉटचे पदलालित्य हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तो लढत सोडून चालल्यासारखा प्रतिस्पर्ध्याकडे खांदा वळवून दोन पावले टाकतो, समोरचा गाफील होऊन पुढे येतो, आणि त्याच चालीतून उजवा हात सुटतो. हे मी मुलांना कधी शिकवत नाही, कारण तोल आणि अंदाज यांत केसाएवढी चूक झाली तर ठोसा आपल्यालाच बसतो. पाहायला मात्र जरूर सांगतो. सप्टेंबर १९५२ मध्ये त्याने मार्सियानोला पहिल्याच फेरीत खाली पाडले, बारा फेऱ्यांनंतर तो गुणांवर पुढे होता, आणि तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशाने सगळे संपले. त्या एका ठोशाचे छायाचित्र जगभर गेले आणि त्याआधीच्या बारा फेऱ्या विस्मरणात गेल्या.

आता होम्स. मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते त्याच्याविषयी, कारण त्याच्या लढती पूर्ण आणि स्वच्छ पाहायला मिळतात आणि तरीही लोक त्याला विसरतात. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन या गावचा हा माणूस अलीचा स्पारिंग पार्टनर, म्हणजे सरावात त्याच्याशी लढणारा जोडीदार, होता. जून १९७८ मध्ये लास व्हेगासला केन नॉर्टनला हरवून तो विजेता झाला. त्या लढतीच्या काही दिवस आधी सरावात त्याच्या डाव्या हाताचा स्नायू दुखावला होता, म्हणजे ज्या हातावर त्याचा सारा खेळ उभा होता तोच हात. चौदा फेऱ्यांनंतर लढत बरोबरीत होती. पंधरावी फेरी पाहताना लक्षात येते की दोघांकडेही आता डावपेच शिल्लक नाहीत, आणि तरीही होम्स थकल्या हातांनी सरळ ठोसेच मारतो, हात फिरवत सुटत नाही. दोन पंचांनी त्याला १४३-१४२ असे विजयी ठरवले, तिसऱ्याने तितक्याच फरकाने नॉर्टनला. हेवीवेट गटातील उत्तम अखेरच्या फेऱ्यांत मी या फेरीला फार वर ठेवतो.

होम्सचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा, हा हेवीवेट गटाच्या इतिहासातला सर्वोत्तम जॅब होता, असे माझे मत आहे. लिस्टनचा जॅब अधिक जड होता आणि अलीचा अधिक चपळ, पण होम्सच्या जॅबमध्ये एक गुण असा होता की तो एकाच वेळी हल्ला, बचाव आणि अंतराची मोजणी अशी तिन्ही कामे करी. डावा हात तो गालाजवळ न ठेवता बराच खाली ठेवी, त्यामुळे ठोसा प्रतिस्पर्ध्याच्या नजरेच्या खालून वर येई आणि उशिरा दिसे. डावे पाऊल पुढे पडणे आणि ठोसा लागणे ही दोन्ही एकाच क्षणी होत. मग तो हात परत न नेता दुसरा जॅब, आणि कित्येकदा तिसरा. नवशिक्यांना वाटते की जॅब म्हणजे उजव्या हाताची प्रस्तावना. होम्सने तो मुख्य शस्त्र म्हणून वापरला आणि उजवा हात जॅबने केलेल्या कामावर शिक्कामोर्तब करण्यापुरता ठेवला. या शैलीची किंमतही होती. डावा हात खाली असला की वरून फेकलेल्या उजव्या ठोशाला दार उघडे राहते, आणि होम्स कारकिर्दीत ज्या ज्या वेळी खाली पडला त्यांतल्या बहुतेक वेळी याच दारातून ठोसा आला.

अर्नी शेव्हर्सशी सप्टेंबर १९७९ मध्ये झालेली दुसरी लढत या संदर्भात पाहावी. शेव्हर्स हा त्या काळचा सर्वांत जबर ठोसा मारणारा मानला जाई. सातव्या फेरीत त्याचा उजवा हात वरून आला आणि होम्स पाठीवर आडवा झाला. असा ठोसा बसल्यावर माणूस उठेल असे कोणालाच वाटले नसेल. तो उठला, घंटेपर्यंत तग धरला आणि पुढच्या फेरीपासून पुन्हा जॅबकडे वळला. घाबरलेला मुष्टियोद्धा एक तर पळतो किंवा सूड घ्यायला धावतो. होम्सने दोन्ही केले नाही, आणि अकराव्या फेरीत पंचांनी शेव्हर्सला वाचवण्यासाठी लढत थांबवली. ठोशांची ताकद सगळ्यांना दिसते. पाय लटपटत असताना योजना न सोडणे ही गोष्ट दिसायला डोळा तयार व्हावा लागतो.

अलीशी त्याची लढत २ ऑक्टोबर १९८० रोजी झाली. अली ३८ वर्षांचा, दोन वर्षे रिंगबाहेर राहिलेला. दहा फेऱ्या एकतर्फी झाल्यावर अलीच्या कोपऱ्यातून अँजेलो डंडीने लढत थांबवली. होम्स अनेकदा ठोसे आवरताना दिसतो आणि लढतीनंतर त्याला रडू आवरले नाही. जिंकल्याबद्दल लोक त्याला क्षमा करणार नव्हते, आणि हरणे त्याच्या धर्मात नव्हते. चार्ल्सला लुईने जे दिले तेच होम्सला अलीने दिले: असा विजय, जो मिरवता येत नाही.

जून १९८२ मध्ये जेरी कूनीशी झालेल्या लढतीत हे आणखी उघड झाले. कूनी गोरा होता आणि प्रचार त्याच धर्तीवर झाला होता. रिवाज असा की विजेत्याचे नाव शेवटी पुकारायचे, पण त्या रात्री होम्सचे नाव आधी पुकारले गेले. तेराव्या फेरीत कूनीच्या प्रशिक्षकाने रिंगमध्ये येऊन लढत थांबवली. कमरेखाली मारल्याबद्दल कूनीचे तीन गुण कापले गेले होते. ते कापले नसते तर तीनपैकी दोन पंचांच्या हिशेबात कूनी पुढे असता. मी ती लढत फेरीगणिक गुण देत पाहिली आहे, आणि त्या दोन पंचांनी नेमके काय पाहिले हे मला उलगडलेले नाही.

होम्सविरुद्धचे आक्षेप खोटे नाहीत. १९८३ मध्ये टिम विदरस्पूनला त्याने जेमतेम हरवले आणि पुन्हा संधी दिली नाही. ग्रेग पेज आणि पिंकलन थॉमस यांच्याशी तो लढला नाही. त्याचा स्वभाव कडवट होता आणि तोंडाला आवर नव्हता. सप्टेंबर १९८५ मध्ये मार्सियानोच्या ४९ सलग विजयांची बरोबरी करायला एकच लढत उरली असताना तो मायकेल स्पिंक्सकडून गुणांवर हरला, आणि नंतर मार्सियानो आपल्या पासंगालाही पुरला नसता, अशा अर्थाचे अत्यंत असभ्य उद्गार काढून बसला. त्या एका वाक्याने त्याचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही ठोशाने केले नाही. तरीही सात वर्षे विजेतेपद आणि २० वेळा त्याचे रक्षण हा आकडा त्याच्या नावावर आहे. सलग रक्षणांत त्याच्यापुढे फक्त लुई आहे, २५ वेळा.

१९८८ मध्ये माइक टायसनने त्याला चौथ्या फेरीत नॉकआउट केले, तीच चित्रफीत सगळीकडे फिरते. तेव्हा होम्स ३८ वर्षांचा होता आणि जवळजवळ दोन वर्षे लढलेला नव्हता. ज्यांनी तेवढीच पाहिली आहे त्यांनी फेब्रुवारी १९९२ ची रे मर्सरविरुद्धची लढत पाहावी. मर्सर हा सोल ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता आणि तोवर अपराजित. होम्स ४२ वर्षांचा, पोट सुटलेला, पायांतला वेग गेलेला. तो मुद्दाम कोपऱ्यात पाठ टेकवून मर्सरला जवळ बोलावतो, त्याचे ठोसे दंडांवर आणि खांद्यांवर झेलतो, आणि मर्सरचा हात परत जाण्याच्या आत छोटा उजवा ठोसा मारून मोकळा होतो. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांचा कौल होम्सला मिळाला. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी ही लढत शेव्हर्सच्या लढतीच्याही आधी दाखवतो, कारण वेग असताना केलेल्या गोष्टींची नक्कल करता येत नाही, पण वेग गेल्यावर उरलेले तंत्र फेरी थांबवून, मागे नेऊन शिकता येते.

क्रम विचारला आहे म्हणून सांगतो. केवळ हेवीवेट विजेत्यांच्या यादीत मी होम्सला पहिल्या पाचांत ठेवतो, लुई आणि अली यांच्या लगेच मागे, आणि मार्सियानोच्या वर. चार्ल्सला याच यादीत पहिल्या पंधरांत जागा देईन, वॉलकॉटला त्याच्या थोडे खाली. पण सर्व वजनगट धरून यादी करायची ठरली, तर चार्ल्स होम्सच्या आणि मार्सियानोच्याही वर जातो, पहिल्या दहांत, आणि बर्ली, मूर, बिव्हिन्स, मार्शल ही नावे ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्याशी मला यावर वाद घालावा लागलेला नाही.